लालिंगच्या हातची सतरा पानं

काबिगासने सुरीने लाखेचा शिक्का फोडला आणि लिफाफा टेबलावर उलटा केला. आतून टाइप केलेले एकतीस कागद पडायला हवे होते. पडली फक्त एक वही, पिवळ्या पुठ्ठ्याची, वरून उलटायची. काबिगासने लिफाफ्यात हात घालून चाचपलं, मग लिफाफा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. आत काहीही नव्हतं.

"कुया हेनेस, कागद कुठायत?"

सगळे ज्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायचे तो हेनेस तिजोरीचं रजिस्टर छातीशी धरून उभा होता. सभागृहाच्या दप्तरखान्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. इतिवृत्तांचे खंड बांधायचे, लिफाफे मोहोरबंद करायचे, तिजोरीत ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे. त्याने टेबलावर सांडलेला लाखेचा तुकडा उचलला आणि बोटांत चुरडून पाहिला.

"ही लाख आपली नाही, सर. आपली काळपट असते. ही लालभडक आहे. कोणीतरी फोडून पुन्हा लावलीय."

काबिगास मटकन खुर्चीत बसला. तो दक्षता समितीचा चिटणीस होता आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता समितीचं मतदान होतं. त्याने वही उघडून भराभर पानं चाळली आणि टेबलावर टाकून दिली.

"कागद नेले आणि हे ठेवलं. कोणीतरी पेन चालतंय का ते बघितलंय नुसतं. सतरा पानं!"

हेनेसने वही उचलली, पहिलं पान पाहिलं आणि हातातलं रजिस्टर बाजूला ठेवून दिलं. आखूड रेघा, लांब रेघा, बारीक वळणं, सगळं किंचित उजवीकडे झुकलेलं. हे वळण त्याने चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"पेन नाही चालवून बघितलेलं," तो म्हणाला. "हे शॉर्टहँड आहे. लालिंगचं."

लालिंग त्याची बायको. सभागृहातली मुख्य लघुलेखिका. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सान इर्मो बेटावरच्या गडबडीनंतर सरकारने खास अधिकार मागितले होते. संशयिताला आरोप न ठेवता ताब्यात ठेवायचे अधिकार. समितीने बंद दाराआड बैठक घेतली आणि ते तीन वर्षांसाठी दिले. बंद बैठकीत यंत्र चालत नाही. मोबाइल दाराबाहेरच्या वेताच्या टोपलीत टाकायचे, रेकॉर्डिंग नाही, संगणक नाही. आत एकच लघुलेखक, वही आणि पेन घेऊन. नंतर त्याने तिजोरीच्या खोलीत एकट्याने टाइप करायचं आणि वहीसुद्धा त्याच लिफाफ्यात घालायची, म्हणजे बाहेर काही उरत नाही. कागद नेणाऱ्याला ही रीत ठाऊक नसावी. त्यालाही वहीत रेघोट्याच दिसल्या असतील.

आता ते अधिकार मध्यरात्री संपत होते आणि सरकारला आणखी तीन वर्षं हवी होती. बेटावरून नेलेली माणसं कुठे आहेत, किती आहेत, कोणी सांगत नव्हतं. समितीच्या अध्यक्ष मॅडम ओलिवान त्या जुन्या बैठकीत साध्या सदस्य म्हणून बसलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, सुरक्षा खात्याचे उपमंत्री बुएनाफे यांनी त्या दिवशी शपथेवर वचन दिलं होतं, दर महिन्याला ताब्यातल्या माणसांची यादी समितीला देऊ. एकही यादी आली नव्हती. आदल्या दिवशीच्या सुनावणीत बुएनाफे शांतपणे म्हणाले होते, "मॅडमची स्मरणशक्ती उत्तम आहे. पण कागद दाखवा." अकरा सदस्यांपैकी सात जण नवीन होते. त्यांना कागदच हवा होता.

दहा मिनिटांत ओलिवान दप्तरखान्यात आल्या. बुटकी बाई, साडीसारख्या झुळझुळीत पोशाखाखाली पळायचे बूट, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी.

"काबिगास, चारला मतदान आहे आणि तू मला सांगतोयस कागद उडून गेले?"

"उडाले नाहीत मॅडम, नेलेत. पण वही राहिलीय."

"ती वाचणार कोण? तुझी आजी?"

"मी वाचतो," हेनेस म्हणाला.

ओलिवानबाईंनी शेंग सोलता सोलता त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही बाइंडर ना?"

"हो मॅडम. पण उघड्या बैठकांच्या तिच्या वह्या तीस वर्षं मीच टाइप केल्या. ती स्वयंपाक करायची, मी टाइप करायचो. अडलो की ती कढईपाशीच सांगायची. बंद बैठकीची वही मात्र कधी घरी आणली नाही तिनं. एक शब्द कधी बोलली नाही. ही मी आज पहिल्यांदा बघतोय."

त्याचा आवाज चढला होता. आपण एवढ्या मोठ्याने बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याला थांबवेना.

बुएनाफेंना बोलावणं गेलं. ते वकिलाला घेऊनच आले, पांढऱ्याशुभ्र बारोंग सदऱ्यामध्ये, एकही सुरकुती नसलेल्या. त्यांनी वही पाहिली, हेनेसशी हात मिळवला.

"तुमच्या मिसेसच्या आत्म्याला शांती लाभो. फार गुणी बाई. पण मॅडम, नवऱ्यानं बायकोच्या वहीत काय वाचलं याला पुरावा म्हणायचं? मग उद्या माझी बायको शपथेवर सांगेल, माझ्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय ते मी वाचलं. मी तर तुरुंगातच जाईन."

दारातले दोन सुरक्षारक्षकही हसले. हेनेसने वही जवळ ओढली. लालिंगने इतकी वर्षं घेतलेली प्रत्येक ओळ या इमारतीत कोणी न तपासता खरी मानली होती. आता या माणसाने तिच्या वहीची चेष्टा करून ती बाजूला सारली असती आणि चार वाजता सगळं संपलं असतं.

"मग मी एकटा नाही वाचत," तो म्हणाला. "दोघांना वाचू द्या. वेगळ्या खोल्यांत बसवा. जुळलं तर माना."

"दुसरं कोण?" काबिगासने विचारलं. "पेनचं शॉर्टहँड येणारं उरलंय कोण?"

"आते बेबांग."

काबिगास त्याच्याकडे बघतच राहिला. "बेबांग? अहो, तिनं अकरा वर्षं लालिंगचं नाव नाही घेतलं!"

"म्हणूनच म्हणतोय."

सगळे जिला आते, म्हणजे ताई, म्हणायचे ती बेबांग आणि लालिंग एकाच शाळेत शॉर्टहँड शिकल्या, एकाच दिवशी नोकरीला लागल्या. मुख्य लघुलेखिकेची जागा लालिंगला मिळाली आणि बेबांगने त्याच महिन्यात राजीनामा दिला. लालिंग गेली तेव्हा रीतीप्रमाणे पाच दिवस घरात शवपेटी होती, अर्धं सभागृह येऊन कॉफी पिऊन गेलं. बेबांग आली नव्हती.

बुएनाफेंच्या वकिलाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बुएनाफे हसून म्हणाले, "चालेल की. वैरीण तर वैरीण."

हेनेसने सगळ्यांसमोर फोन लावला.

"कोण?"

"हेनेस बोलतोय. लालिंगचा."

"लालिंगचा ते माहितीय. काय काम काढलंस? माझे तांदळाचे बिबिंग्का निखाऱ्यावर आहेत."

"एक वही वाचायचीय. तिची. दोघांनी वेगवेगळी. सभागृहात. आत्ता."

पलीकडे झाकण ठेवल्याचा खणकन आवाज आला.

"तिच्या रेघा पहिल्यापासून बारक्या. शंभरदा सांगितलं, जरा दाबून लिही म्हणून. गाडी पाठवा. आणि मी ॲप्रन बदलणार नाही, सांगून ठेवते."

गाडीला यायला पावणेदोन तास लागले. रस्ता तुंबलेला होता. ड्रायव्हर दर वीस मिनिटांनी फोन करून कुठल्या पुलाशी आहोत ते सांगायचा आणि काबिगास घड्याळाकडे बघत खोलीत फेऱ्या मारायचा. तोवर दोन्ही बाजूंच्या देखत वहीच्या दोन झेरॉक्स निघाल्या. बेबांग खरंच ॲप्रन घालून आली, केसांना पीठ लागलेलं. तिने हेनेसकडे पाहिलं, मान हलवली आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हेनेसला कोपऱ्यावरची खोली मिळाली. टाइपरायटर नको, हातानेच लिहितो म्हणाला. पहिलं वाक्य लागलं आणि मग पेन थांबेना. लालिंगची सगळी लकब त्याला पाठ होती. बोलणारा पाणी प्यायला की ती समासात एक टिंब द्यायची, खोकला तर वाकडी रेघ. इथे बुएनाफे तीनदा खोकले होते. ओलिवानबाई एका ठिकाणी मध्येच बोलल्या होत्या आणि लालिंगने ते वाक्य एवढ्या भरभर पकडलं होतं की हेनेसला हसू आलं. बाहेर बसलेल्या रक्षकाने काचेतून आत पाहिलं. म्हातारा एकटाच हसतोय, त्याला वाटलं असेल.

अकराव्या पानाच्या मध्यावर ते आलं. आधी त्याने नुसतं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग हात पँटला पुसून नीट अक्षरात लिहिलं:

"दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, ताब्यात असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, गाव आणि त्याला ठेवलेली जागा समितीला लेखी कळवू. एकही माणूस यादीबाहेर राहणार नाही. हे मी शपथेवर सांगतो."

त्याला उठून ओरडावंसं वाटलं. तो उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. दोन वाजून गेले होते. अजून सहा पानं होती.

सतराव्या पानावर ओलिवानबाईंचा प्रश्न होता: "आज या घडीला तुमच्या ताब्यात किती जण आहेत? आणि कुठे?" त्याखाली सहा ओळी होत्या. त्यांच्याकडे हेनेस नुसता बघत राहिला.

या लिपीत रेघेच्या लांबीवर सगळं असतं. आखूड रेघ म्हणजे एक अक्षर, तीच जरा लांबली की दुसरं. या सहा ओळींत प्रत्येक रेघ वेडीवाकडी होती. आखूड म्हणावी तर लांब, लांब म्हणावी तर मध्येच तुटलेली. झेरॉक्स खराब असेल म्हणून त्याने रक्षकाला मूळ वही मागायला पिटाळलं. रक्षक धापा टाकत परत आला.

"वही आते बेबांगकडे गेलीय. त्यांनीही आत्ताच मागवली. याच पानासाठी."

पाच मिनिटांनी काबिगास स्वतः वही घेऊन आला. मूळ पानावरही तसंच होतं. पेन थरथरलं होतं.

हेनेसला तो फेब्रुवारी आठवला. लालिंग तेव्हापासून अर्धाच कप कॉफी घ्यायला लागली होती. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय म्हणायची. त्याने तिला आजाराचं विचारलं नाही, कारण आजार आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तिने सांगितलं ऑगस्टमध्ये. सांगितलं तेव्हा म्हणाली, "आत्ताच कळलंय."

ती अर्धाच कप भरायची ती थरथरत्या हातातून सांडू नये म्हणून.

काबिगास दारातच घुटमळत होता. "कुया, आकडा लागला का? मॅडमनी विचारलंय. आकडा मिळाला तर बुएनाफे आज इथून तोंड लपवूनच जाणार. बेटावरचे लोक चौसष्ट म्हणतात. चौसष्ट दिसतंय का तिथं?"

हेनेसने वाकून पाहिलं. दुसऱ्या ओळीत एक खूण होती, ती चौसष्टची असू शकत होती. चौसष्ट मनात धरून पाहिलं की चौसष्टच दिसत होतं. पंचेचाळीस मनात धरलं तर तेही दिसत होतं. त्याने लिहिलं तर कोण खोटं पाडणार होतं? आणि ते खरंही असेल कदाचित.

पण तीस वर्षं टाइप करताना अडलं की तो विचारायचा, "लालिंग, हे काय गं? मी अंदाजानं घालू?" आणि ती कढईवरून मान वर न करता म्हणायची, "अंदाज घालायचा असेल तर मला कशाला बसवलंय तिथं?"

त्याने लिहिलं: "यापुढच्या सहा ओळी मला वाचता येत नाहीत." खाली सही केली.

"येत नाहीत?" काबिगासचा चेहरा उतरला. "कुया, तुम्हाला?"

"मला."

तीन वाजून दहा मिनिटांनी समिती बसली. बंद दार, बाहेर वेताच्या टोपलीत मोबाइलचा ढीग. हेनेस आणि बेबांगला साक्षीला म्हणून भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. काबिगासने दोन्ही वाचनं समोर घेतली आणि एक वाक्य याचं, एक वाक्य तिचं, असं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं पान जुळलं, दुसरंही जुळलं. नवीन सदस्यांपैकी एक जण सुरुवातीला कागदावर चित्रं काढत होता. चौथ्या पानाला त्याने पेन ठेवलं.

"उपमंत्री खोकतात," काबिगासने हेनेसच्या कागदावरून वाचलं. मग बेबांगच्या कागदावरून, "इथे खोकला. मोठा."

सगळे हसले. खुद्द बुएनाफेंनाही हसावं लागलं, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मग हशा आवरेना. ओलिवानबाईंनी टेबलावर हातोडा आपटला.

अकरावं पान आलं तेव्हा कोणी हसत नव्हतं. "एकही माणूस यादीबाहेर राहणार नाही," काबिगासने एकदा वाचलं. "एकही माणूस यादीबाहेर राहणार नाही," दुसऱ्या कागदावरून पुन्हा वाचलं. हेनेसने गुडघे घट्ट धरून ठेवले होते. शेजारी बेबांग ॲप्रनचं टोक पिळत होती.

वकील उठला. "अध्यक्षमहोदया, माझी हरकत आहे. दोघं एकाच काळातले, एकाच ओळखीतले. तुम्हाला काय ऐकायचंय ते दोघांनाही ठाऊक होतं. सोयीचं ते वाचलं."

"शेवटचं पान वाच," ओलिवान काबिगासला म्हणाल्या. त्यांनाही त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. त्यांचा आवाज ताणलेला होता. त्यांना आकडा हवा होता.

काबिगासने हेनेसचा कागद वाचला. "यापुढच्या सहा ओळी मला वाचता येत नाहीत."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

काबिगासने बेबांगचा कागद उचलला, वाचला, आणि घसा साफ करून मोठ्याने म्हणाला, "इथून खाली सहा ओळी हात थरथरलाय. वाचत नाही. जो वाचेल तो थापा मारतो."

मग चित्रं काढणारा तो सदस्य वकिलाकडे वळला. "सोयीचं वाचायचं असतं तर हेच वाचलं असतं ना हो?"

वकील खाली बसला.

मतदानाला दोघांना बाहेर काढलं. लांब बोळात एक बाक होतं, त्यावर ते बसले. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. चार वाजून वीस मिनिटांनी दार धाडकन उघडलं आणि काबिगास धावत बाहेर आला, टाय खांद्यावर गेलेला.

"आठ विरुद्ध तीन! वाचन इतिवृत्त म्हणून मान्य! तीन वर्षं नाही, तीन महिने. तेही दहा दिवसांत यादी आली तर. नाही आली तर अधिकार त्याच दिवशी खलास!" त्याने हेनेसचे दोन्ही खांदे धरून हलवले, बेबांगच्या हाताचं चुंबन घेतलं आणि पुन्हा आत पळाला. त्याच्या हाताला पीठ लागलं ते त्याला कळलंही नाही.

हेनेस उभा राहिला होता. काय करावं ते न सुचून तो पुन्हा बसला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता.

"तिचं मानलं," तो म्हणाला. "आते, तिचं लिहिलेलं मानलं."

"न मानायला काय झालं? बारक्या रेघा सोडल्या तर तिच्यासारखा हात नव्हता कोणाचा." बेबांगने नाक ओढलं. जरा वेळाने ती म्हणाली, "फेब्रुवारीतच सुरू झालं होतं म्हणजे."

"मला ऑगस्टमध्ये सांगितलं."

"आणि तशा हातानं दोन तास लिहीत बसली. सांगायचं ना कोणालातरी. बदली माणूस मागायचा."

"बदली कोण होतं? तू गेली होतीस."

बेबांगने ॲप्रनवरचं पीठ झटकलं. ते जिथल्या तिथे राहिलं.

"मी यायला पाहिजे होतं, ती पाच दिवस घरात होती तेव्हा."

"हो," हेनेस म्हणाला. "यायला पाहिजे होतं."

ती रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं. नंतर काबिगास वही घेऊन आला, नवा लिफाफा घेऊन आला, आणि हेनेसने काळपट लाख वितळवून दोघांच्या देखत शिक्का लावला.

यादी नवव्या दिवशी आली. तिच्यात अठ्ठावन्न नावं आहेत, वय, गाव आणि ठेवलेल्या जागेसकट. बेटावरच्या अठ्ठावन्न घरांना तरी आपला माणूस कुठे आहे ते कळलं. काही बायका सभागृहाच्या फाटकाशी आल्या आणि रक्षकांच्या गळ्यात पडल्या. काही बायका यादी वरून खाली, खालून वर वाचून तिथेच उभ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी ताब्यात किती जण होते, ते लालिंगच्या सहा ओळींत आहे.

ओलिवानबाईंनी लेखी परवानगी दिली आहे. दर गुरुवारी दोन ते तीन, रक्षकासमोर, हेनेस आणि बेबांग मूळ वही घेऊन बसतात. आधी एक जण वाचतो, दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, मग कागद जुळवायचे. आतापर्यंत दोन शब्द जुळले आहेत. त्यांत आकडा नाही. बाकीचं वाचायचं राहिलं आहे.